हाक आणि निरंक

आजारी माणसाची हाक नेहमी कोणा एकाला उद्देशून असते. रात्री पोटात कळ उठली म्हणजे तो आईला हाक मारतो, शेजाऱ्याला मारतो, वैद्याला मारतो. आरोग्यखात्याच्या तक्त्याला कोणी हाक मारीत नाही. परंतु आपल्या काळात एक नवीनच श्रोता निर्माण झाला आहे. दूरध्वनीवर तीन अंक दाबले की पलीकडून अनोळखी आवाज येतो, लक्षणे विचारतो, धीर देतो, औषध किंवा रुग्णालय सुचवितो, आणि हे चालू असता समोरच्या पडद्यावर त्या हाकेची नोंद करीत असतो. उत्तर मिळाले की हाक मारणाऱ्याचे काम संपते. नोंदीचे काम मात्र तेथून सुरू होते. शंभर घरांतून आलेल्या शंभर हाकांना एकमेकींची वार्ता नसते. नोंदवहीत त्या एकीखाली एक येऊन बसतात, आणि वहीवरून नजर फिरविणाऱ्यास असे काही दिसू लागते की जे त्या शंभरांपैकी एकालाही दिसलेले नसते: अमुक वस्तीत अतिसार वाढतो आहे, तमुक भागात ताप पसरतो आहे. या दिसण्याचा उपयोग करावा काय, आणि करावयाचा तर कोणत्या अधिकाराने व कोणत्या बंधनाखाली, हा प्रश्न आम्ही येथे विचारासाठी घेतला आहे.

वरवर पाहता हा प्रश्न वैद्यकाचा किंवा यंत्रशास्त्राचा वाटेल. आमच्या मते तो मुख्यतः नीतीचा आहे, आणि त्याचा विचार करण्यास आपल्यासारखी माणसे अगदीच अपात्र नाहीत. आपल्यापैकी बहुतेकांचा दिवस नोंदी करण्यात, त्या तपासण्यात आणि वरच्या कार्यालयाकडे रवाना करण्यात जातो. माणसाचे आकड्यात रूपांतर होताना काय उरते आणि काय गळून पडते, हे कारकुनाच्या टेबलाइतके जवळून फार थोड्या ठिकाणी दिसते. शिवाय आपण नोकरीनिमित्त घरापासून दूर राहतो. ज्या बिऱ्हाडात आजी नाही, आत्या नाही, पिढ्यान्‌पिढ्यांच्या ओळखीचा वैद्य नाही, तेथून रात्रीअपरात्री अशा क्रमांकाला हाक जाण्याचा संभव अधिक.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. छत्तीसगढात १०४ हा क्रमांक आरोग्यविषयक सल्ल्यासाठी आहे, जसा १०८ रुग्णवाहिकेसाठी. केंद्र सरकारचा एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प नोव्हेंबर २००४ मध्ये सुरू झाला. त्यात गावोगावचे आरोग्यसेवक लक्षणांवरून, डॉक्टर निदानावरून आणि प्रयोगशाळा तपासणीवरून, असे तिघे तीन वेगळ्या नमुन्यांत दर आठवड्याची माहिती पाठवीत असत. पुढे ही माहिती दररोज व संगणकावरून देण्याची व्यवस्था झाली. याच प्रकल्पाने फेब्रुवारी २००८ पासून १०७५ हा निःशुल्क क्रमांक ठेवला आणि देशातून कोठूनही आलेली रोगाची वार्ता संबंधित जिल्ह्याकडे पोहोचविण्याचे काम त्याच्याकडे दिले. इंग्लंडात १९९८ साली परिचारिकांनी दूरध्वनीवर सल्ला देण्याची राष्ट्रीय सेवा निघाली, आणि थोड्याच वर्षांत तेथील आरोग्यसंस्थांनी त्या हाकांच्या नोंदींवरून इन्फ्लुएन्झा, उलट्या व मुलांचे ताप यांच्या ऋतुमानाप्रमाणे होणाऱ्या चढउतारांवर पाळत ठेवण्यास आरंभ केला.

रीत साधी आहे. प्रत्येक हाकेवर तिच्या मुख्य तक्रारीचा शिक्का बसतो: ताप, खोकला, उलटी, जुलाब, पुरळ. एकूण हाका किती आल्या, यापेक्षा शंभर हाकांत जुलाबाच्या किती, हे पाहिले जाते. कारण रविवारी दवाखाने बंद असले की सर्वच हाका वाढतात, आणि तो वाढावा रोगाचा नसतो. मागील वर्षांच्या त्याच आठवड्यांशी ताळा केला जातो. पावसाळ्याच्या तोंडी जुलाब वाढावयाचेच. ते नेहमीच्या मर्यादेबाहेर वाढले तरच इशारा समजावयाचा. ठिकाणाची नोंद मात्र विचारूनच करावी लागते. आपल्यापैकी कितीजणांचे मोबाईल अजून नागपूरच्या किंवा पुण्याच्या पत्त्यावर घेतलेले आहेत! तेवढ्यावर विसंबल्यास रायपूरचा अतिसार नागपुरात मांडला जावयाचा.

आता याची गरज काय, असे कोणी विचारील. उत्तरासाठी दूर जावयास नको. रायपूरचे पिण्याचे पाणी मुख्यतः खारून नदीचे. नदीपासून नळापर्यंतच्या वाटेत जुन्या वाहिन्या आहेत, त्यांतील काही गटारांतून किंवा गटारांना लागून गेलेल्या आहेत. वाहिनीला कोठे चीर पडली आणि आतील दाब उतरला की बाहेरची घाण आत ओढली जाते. एप्रिल २०१८ मध्ये शहराच्या नहरपारा भागात काविळीने माणसे दगावली. एप्रिल २०२० मध्ये, करोनाच्या टाळेबंदीत सारे शहर दारे लावून बसले असता, काविळीने पुन्हा डोके वर काढले. दूषित पाण्यातून पसरणाऱ्या काविळीचा, म्हणजे हेपॅटायटिस ई या रोगाचा, स्वभाव असा की पाणी प्यायल्यापासून डोळे पिवळे होईपर्यंत दोन ते दहा आठवडे जातात. म्हणजे काविळीची पहिली हाक येते तेव्हा पिणाऱ्यांनी ते पाणी केव्हाच पिऊन टाकलेले असते. परंतु त्याच घाणीने होणारे जुलाब व उलट्या काही तासांत किंवा काही दिवसांत दिसतात. जुलाबाच्या हाका वेळीच वाचता आल्या तर पुढे येऊ पाहणाऱ्या काविळीची ती पूर्वसूचना ठरू शकते. आणि ही कावीळ गरोदर स्त्रीस शेवटच्या तीन महिन्यांत झाली तर शंभरांत वीस ते पंचवीसपर्यंत जणी दगावू शकतात. तेव्हा चार आठवडे आधी कळणे आणि चार आठवडे उशिरा कळणे यांतील अंतर केवळ तक्त्याच्या सुबकतेचे नाही.

दिल्लीत राहून आलेल्यांना तेथील वडीलधाऱ्यांकडून १९५५-५६ च्या काविळीची हकीकत कदाचित ऐकावयास मिळाली असेल. नोव्हेंबर १९५५ मध्ये नजफगढ नाल्याचे सांडपाणी वजिराबादच्या जलकेंद्राजवळ यमुनेत मागे शिरले. तेथील कर्मचाऱ्यांना बिघाड कळला. त्यांनी तुरटी व क्लोरीन यांचे प्रमाण वाढविले. त्यामुळे पुष्कळसे जंतू मेले, पण हा रोग टळला नाही. डिसेंबर व जानेवारीत सुमारे २९ हजार माणसे काविळीने पिवळी पडली. तो हेपॅटायटिस ई होता, हे सिद्ध होण्यास त्यानंतर पंचवीसएक वर्षे लागली. या हकीकतीत आमच्या विषयाला लागू पडणारी गोष्ट ही की बिघाड आणि रोग यांमध्ये काही आठवड्यांचे अंतर होते. साथीच्या इतिहासात असे मोकळे आठवडे वारंवार आढळतात. त्या आठवड्यांत कोणास काय ठाऊक होते आणि त्याने काय केले, यावरच शेवटी नैतिक निवाडा होतो.

इतके झाल्यावर, हाकांच्या नोंदी उपयोगी आहेत हे कोणीही मान्य करील. परंतु उपयुक्त असणे म्हणजे योग्य असणे नव्हे. मुलाला जुलाब होत आहेत असे सांगणारी आई ते मुलाच्या औषधासाठी सांगते. तिचे शब्द तिच्या नकळत दुसऱ्या कामी लावणे हा विश्वासाचा भंग नव्हे काय? कांट या जर्मन तत्त्वज्ञाने मनुष्याला केवळ साधन समजू नये असा दंडक घालून दिला. येथे तर आईच्या काळजीचे साधन होते आहे. आरंभी यंत्रातून सूचना येते की हे संभाषण नोंदविले जात आहे, आणि आई पुढे बोलते, म्हणजे तिने संमती दिली, असे म्हणता येईल. पण कडेवर फणफणलेले मूल घेऊन उभ्या असलेल्या बाईच्या संमतीला संमती म्हणणे हा शब्दाचा दुरुपयोग आहे. कायदा याहून उदार आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला खरा, परंतु व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी संसदेने २०२३ साली जो कायदा केला, त्यात साथीच्या प्रसंगी आरोग्यसेवा पुरविण्यासाठी संमतीवाचूनही माहिती वापरण्याची मुभा ठेवलेली आहे. मुभा आहे म्हणून प्रश्न मिटत नाही. कायदा काय करता येईल ते सांगतो. काय करावे हे आपणच ठरवावयाचे असते.

मराठी मनाला तर या बाबतीत एक जुनी जखम आहे. १८९७ च्या प्लेगात सरकारला पुण्यातील प्रत्येक रोगी शोधून काढावयाचा होता. हेतू वाईट होता असे म्हणता येणार नाही. संसर्ग तोडण्याचा दुसरा मार्ग तेव्हा कोणास दिसत नव्हता. परंतु रँडसाहेबाच्या अमलाखाली गोरे शिपाई घराघरांत शिरले, देवघर आणि माजघर यांचा विधिनिषेध त्यांना राहिला नाही, सामानाची जाळपोळ झाली. परिणाम असा झाला की लोक प्लेगपेक्षा शोधणाऱ्यांना अधिक भिऊ लागले, रोगी लपवू लागले, मृत्यू लपवू लागले. २२ जून १८९७ च्या रात्री काय घडले ते सर्वश्रुत आहे. त्याच वर्षी, त्याच पुण्यात, सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता १० मार्च रोजी स्वतः प्लेगने निवर्तल्या. रोगी शोधण्याचे काम दोघेही करीत होते. एका शोधाने दारे बंद झाली, दुसऱ्याने ती उघडली. फरक माहितीच्या प्रमाणात नव्हता. माहिती मिळाल्यावर रोग्याचे काय होणार, याविषयीच्या विश्वासात होता.

हा धडा एकोणिसाव्या शतकातच राहिला असे समजण्याचे कारण नाही. करोनाच्या काळात ठिकठिकाणी रोग्यांच्या दारांवर फलक चिकटविले गेले, आणि शेजाऱ्यांनी त्या दारांकडे ज्या नजरेने पाहिले ती अनेकांच्या स्मरणात असेल. सक्षम अधिकाऱ्याने विशिष्ट प्रसंगी तसा आदेश दिल्यावाचून असे फलक लावता येणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयास डिसेंबर २०२० मध्ये सांगावे लागले. नाव न लिहिले म्हणजे गुप्तता राखली, असेही नाही. एखाद्या गल्लीत एकच गरोदर बाई असेल आणि तक्त्यात त्या गल्लीपुढे ‘गरोदर, कावीळ, १’ असे लिहिले असेल, तर नाव लिहिण्याचे कष्ट वाचविले एवढेच.

मग हाकांची मोजदाद करूच नये काय? आम्हांस तसे वाटत नाही, आणि त्याचे कारण आम्ही शेजारधर्मात शोधतो. येथील चौबे कॉलोनीचेच उदाहरण घ्या. १९३५ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र मंडळाची वास्तू या वस्तीत आहे, त्यामुळे रायपुरात येणाऱ्या मराठी माणसाचे पाय केव्हा ना केव्हा तिकडे वळतातच. अशा वस्तीत एखाद्या घरी मुलाला उलट्या होऊ लागल्या की त्याची आई आधी शेजारणीला सांगते. शेजारीण शहाणी असेल तर ती काय करते? मिठासाखरेचे पाणी कसे द्यावे ते सांगते, डॉक्टरांचे घर दाखविते. आणि मग जाता जाता पुढच्या दोन-चार घरी एवढेच बोलते, ‘आज नळाचे पाणी उकळून प्या हो.’ कोणाच्या घरी काय झाले, हे ती बोलत नाही. सांगितलेल्या गोष्टीचा तिने दुसऱ्या कामी उपयोग केला हे खरे; पण त्यात विश्वासघात झाला असे कोणी म्हणणार नाही. उलट, पाण्याचा संशय आला असूनही ती गप्प बसली आणि उद्या तिसऱ्या घरचे मूल आजारी पडले, तर लोक तिला बोल लावतील, आणि तो रास्त असेल.

असे का होते? रोग्याचे नाव त्याचे स्वतःचे असते, पण त्याने प्यायलेले पाणी त्याच्या एकट्याचे नसते. चरकसंहितेच्या विमानस्थानात जनपदोद्ध्वंसाचा, म्हणजे मुलूखच्या मुलूख उजाड करणाऱ्या साथींचा, एक अध्याय आहे. उन्हाळ्याच्या अखेरीस काम्पिल्य नगरीजवळ गंगाकाठी फिरत असता पुनर्वसु आत्रेय आपल्या शिष्यांशी या विषयावर बोलतात. तेथे अग्निवेश असा प्रश्न करतो की माणसांच्या प्रकृती भिन्न, आहार भिन्न, बळ व वय भिन्न. असे असता एकाच रोगाने सर्वजण एकाच वेळी कसे मरतात? आत्रेयांचे उत्तर असे की माणसे भिन्न असली तरी वायू, उदक, देश आणि काल हे चार सर्वांस समान असतात. ते बिघडले की सर्वच सापडतात. आमच्या प्रश्नाची सीमारेषा येथे स्पष्ट होते. हाकेतील जे त्या माणसाचे एकट्याचे आहे ते त्याचेच राहू द्यावे. जे पाण्याचे, हवेचे, वस्तीचे आणि ऋतूचे आहे ते सर्वांचे आहे, आणि सर्वांसाठी वापरण्यास प्रत्यवाय नाही. शेजारीण नेमके हेच करते. ती मूल मागे ठेवते आणि पाणी पुढे नेते.

परंतु शेजारणीच्या आणि सरकारच्या ऐकण्यात एक मोठा भेद आहे, तो नजरेआड करून चालणार नाही. शेजारणीला न सांगणारेही दिसतात. समोरच्या घराचे दार दोन दिवस उघडले नाही, हे तिला न सांगताच कळते. नोंदवहीला फक्त हाक मारणाऱ्यांचीच वार्ता असते. ज्याच्यापाशी मोबाईल नाही, ज्याच्या मोबाईलमध्ये पैसे नसल्याने हा क्रमांकही लागणार नाही असे ज्याला वाटते, ज्याला असा क्रमांक असल्याचेच ठाऊक नाही, जो पीलिया उतरवून घेण्यासाठी आधी झाडफूक करणाऱ्या बैगाकडे जातो, त्याची हाक त्या वहीत येत नाही. आपल्याकडे तरी काविळीला गळ्यात माळ घालून घेणारे थोडे आहेत काय? तेव्हा नोंदवहीत ज्या वस्तीपुढे काहीच नाही, ती वस्ती निरोगी असेल, किंवा ती मुकी असेल. दोन्ही ठिकाणी रकाना सारखाच दिसतो.

कार्यालयात काम करणाऱ्यास हा भेद समजावून देण्याची गरज नाही. विवरणपत्रात सांगण्याजोगे काही नसेल तर आपण ‘निरंक’ असे लिहितो. निरंक ही माहिती आहे. त्याखाली कोणाची तरी सही असते, कोणीतरी पाहून, शोधून, काही नाही असे म्हटलेले असते. विवरणपत्रच न येणे ही दुसरी गोष्ट. रोग सर्वेक्षणाच्या पद्धतीतही, रोगी नसला तरी शून्याचा अहवाल पाठविलाच पाहिजे, असा दंडक याचसाठी आहे. न आलेल्या पत्रास निरंक समजून बेरीज पुरी करणे हा मोह प्रत्येक महिनाअखेरीस होतो. पगारपत्रकात तो केल्याने एखाद्याचा भत्ता अडेल. साथीच्या तक्त्यात केल्याने एक वस्ती नकाशावरून पुसली जाईल. इतकेच नव्हे, तर हाक मारणाऱ्या वस्त्यांकडे पाण्याचे टँकर आणि आरोग्यपथके वळतील, आणि न बोलणाऱ्या वस्त्यांच्या वाट्याचे तेवढे कमी होईल. ज्यांना आधीच आवाज आहे त्यांचाच आवाज यंत्राने मोठा केला, असे होऊ नये. म्हणून आमच्या मते हाकांच्या तक्त्यात सर्वांत काळजीने वाचावयाचा रकाना हा रिकामा रकाना होय. ज्या वस्तीतून हाक येत नाही तेथे माणूस पाठवून निरंक खरे की नाही हे पाहिले पाहिजे.

याच्या उलट दोषही आहे. हाका रोगाप्रमाणे भीतीनेही वाढतात. ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यात स्वाइन फ्लूचा देशातील पहिला बळी गेला आणि नायडू रुग्णालयापुढे तपासणीसाठी लोकांच्या रांगा लागल्या. त्या रांगेत रोगी थोडे, भ्यालेले फार. भीती खोटी होती असे नव्हे, पण रांगेच्या लांबीवरून रोग मोजणे चुकीचे झाले असते. गूगल या कंपनीने २००८ पासून, लोक संगणकावर काय शोधतात त्यावरून इन्फ्लुएन्झाचा अंदाज देण्यास सुरुवात केली होती. २०१२-१३ च्या हिवाळ्यात तो अंदाज अमेरिकेतील प्रत्यक्ष रोग्यांच्या जवळजवळ दुप्पट निघाला, आणि २०१५ साली तो उद्योग बंद पडला. आकड्यांचा ढीग कितीही मोठा असला तरी त्यातून माणसाने काय म्हटले एवढेच कळते. त्याला काय झाले आहे, हे जाऊन पाहावे लागते.

येथवर आल्यावर आम्हांस या विषयातील खरा नैतिक पेच दिसू लागतो, आणि तो गुप्ततेचा नाही. नाव झाकता येते, रकाने मोठे करून एकट्यादुकट्याची ओळख पुसता येते. पेच असा की कळल्यानंतर काय? शेजारणीने पाणी उकळण्यास सांगितले म्हणून तिचे ऐकणे निर्दोष ठरले. तिने सर्व घरांच्या उलट्या मोजून वहीत लिहून ठेवल्या असत्या आणि वही कपाटात बंद केली असती, तर ते ऐकणे नव्हते, चोरून ऐकणे होते. आईच्या शब्दांचा तिच्या कामापलीकडे उपयोग करण्याचा अधिकार एकाच गोष्टीने मिळतो: त्या उपयोगाने दुसऱ्या आईचे मूल वाचविण्याचा यत्न झाला पाहिजे. मोजणे हे कर्ज काढणे आहे. ज्याने मोजले तो मोजलेल्यांचा ऋणी झाला, आणि ज्यांनी हाक मारली नाही त्यांचाही. ते ऋण कृतीनेच फिटते.

चरकातील त्या प्रसंगी आत्रेयांचा पहिला उपदेशही हाच आहे. आकाशात आणि ऋतूंत बिघाडाची लक्षणे दिसू लागली आहेत, तेव्हा वनस्पतींचा रस जाण्यापूर्वीच औषधी गोळा करा, असे ते सांगतात. लक्षण दिसले की हात चालले पाहिजेत. आणि चारही गोष्टी एकदम का बिघडतात, या प्रश्नाला त्यांचे उत्तर आहे अधर्म, ज्याचा आरंभ ते देशाच्या व नगराच्या धुरीणांपासून मोजतात. आजचा शास्त्रज्ञ अधर्माला रोगाचे कारण म्हणणार नाही. पण गटारातून गेलेली वाहिनी कोणीतरी घातलेली असते, तिची दुरुस्ती कोणीतरी पुढच्या वर्षावर ढकललेली असते, आणि त्या ढकलण्याची टिप्पणी कोठल्यातरी फायलीत असते. हे ध्यानात घेतले म्हणजे तो शब्द तितकासा जुनाट वाटत नाही.

कार्यालयीन अनुभवाचा माणूस येथे म्हणेल की प्रत्येक इशाऱ्यावर धावत सुटले तर राज्य चालणार नाही. दहा इशाऱ्यांत सात फोल निघतील, लोक घाबरतील, वृत्तपत्रे ओरडतील, आणि शेवटी खुलासा मागितला जाईल तो खालच्या माणसाकडून. म्हणून प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत थांबावे. या म्हणण्यात तथ्य आहे, आणि ते भित्रेपणाचे म्हणून झटकून टाकणे अन्यायाचे होईल. परंतु त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: कृती म्हणजे मोठी कृतीच. वस्तुतः इशारा जितका दुबळा तितकी कृती स्वस्त असावी, असा हिशेब ठेवता येतो. एखाद्या वस्तीतून जुलाबाच्या हाका वाढल्या, तर दुसऱ्या दिवशी सकाळी एक माणूस पाठवून तेथील शेवटच्या नळाच्या पाण्यात क्लोरीन उरला आहे की नाही, एवढे पाहता येते. थेंबभर द्रव घालून रंग पाहावयाचा. लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरावा असे भारतीय मानक आहे. रंग आला नाही तर वाहिनी तपासावी, पाणी उकळण्यास सांगावे, गरोदर स्त्रियांच्या घरी आशा कार्यकर्तीने जावे. रंग आला तर एका माणसाची एक सकाळ गेली. फोल ठरलेल्या सात इशाऱ्यांची किंमत सात सकाळी. खऱ्या ठरलेल्या एकाकडे केलेल्या दुर्लक्षाची किंमत कशात मोजावयाची?

लंडनच्या १८५४ च्या पटकीची गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते. जॉन स्नो यांनी ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवतीचे मृत्यू दाखवून दिले आणि ८ सप्टेंबर रोजी त्या पंपाचा दांडा काढला गेला. या गोष्टीतील दोन बारीक भाग सहसा सांगितले जात नाहीत. दांडा काढणाऱ्या मंडळींना स्नोचे म्हणणे पुरते पटलेले नव्हते, तरी त्यांनी तो काढला. एक दांडा काढण्याने फारसे बिघडणार नव्हते. आणि स्नोला मृत्यूंच्या याद्या मिळाल्या त्या जन्ममृत्यूच्या नोंदणी कार्यालयातील विल्यम फार यांच्याकडून, जे स्वतः त्या वेळी रोग दूषित हवेने होतो असे मानीत होते. त्यांनी नोंदी चोख ठेवल्या आणि आपल्या मताविरुद्ध असलेल्या माणसाला मागताच दिल्या. १८६६ च्या साथीत त्याच नोंदींच्या बळावर फार यांचे स्वतःचे मत पालटले. नोंद ठेवणाऱ्याचा धर्म यापेक्षा निराळा आम्हांस दिसत नाही. त्याने सर्व समजून घेतलेच पाहिजे असे नाही. त्याने खरे लिहावे, रिकाम्या रकान्यास निरंक म्हणू नये, आणि जो उपयोग करील त्याच्या हाती ते वेळेवर द्यावे.

आणखी एक अपेक्षा आम्ही करू, ती हाक मारणाऱ्याच्या बाजूची. ज्या आईने रात्री हाक मारली तिला तिच्या वस्तीच्या पाण्याविषयी काही आढळल्यास परत कळविले जावे. तुमच्या भागातील पाणी तपासले, बिघाड होता, दुरुस्त केला. अथवा तपासले, बिघाड आढळला नाही. दोन वाक्यांचा हा निरोप. तिच्या शब्दांनी काम केले, हे तिला कळणे हा तिचा हक्क आहे. त्याने ती साधन राहत नाही, सहकारी होते. आणि पुढच्या खेपेस तिची शेजारीणही हाक मारील. पुण्यात १८९७ साली जी दारे बंद झाली, ती उघडण्याची हीच रीत आहे.

परप्रांती राहणाऱ्यांस एक गोष्ट लवकर समजते: जेथे आपले कोणी नाही तेथे आपली विचारपूस करणारी व्यवस्थाच आपले गणगोत होते. गणगोतापाशी आपण बोलतो ते गुप्ततेच्या अटी घालून नव्हे. आपले बोलणे ते आपल्या आणि चार जणांच्या भल्यासाठीच वापरतील, या भरवशावर. तो भरवसा राखणे सरकार नावाच्या दूरच्या नातेवाइकास साधेल की नाही, हे संगणकाच्या कौशल्यावर फारसे अवलंबून नाही. ज्या सकाळी तक्त्यात एका वस्तीपुढचा आकडा नेहमीपेक्षा मोठा दिसेल, किंवा संशय यावा इतका लहान दिसेल, त्या सकाळी ज्याच्या टेबलावर तो तक्ता असेल तो माणूस उठतो की पान उलटतो, यावर ते अवलंबून आहे.